मोठ्या संख्येचे गुणधर्म काढताना: ७५,३२,७८४ सोलून पाहू

‘या संख्येला एकूण विभाजक किती?’ असा प्रश्न दिसला की बहुतेक जण थेट सूत्राकडे धावतात. सूत्र पाठ असतं, तरी उत्तर चुकतं. वह्या तपासताना दिसतं ते असं, की गडबड सूत्रात जवळजवळ कधीच नसते. ती त्याआधीच्या दहा ओळींत असते: मूळ अवयव अर्धवट पाडलेले, उरलेली संख्या ‘मूळच दिसते’ म्हणून सोडून दिलेली, ताळा केलेलाच नाही.

म्हणून इथे एकच संख्या घेऊन शेवटपर्यंत जाऊ: ७५,३२,७८४. ती मुद्दाम निवडली आहे, कारण नेहमीचे बहुतेक सापळे तिच्यात एकत्र सापडतात. घातांक लिहिताना २^४ म्हणजे २ चा चौथा घात असं समजा.

## तयारी: कागदावर आधी काय हवं

चौकटींची वही घ्या, एका चौकटीत एक अंक. मोठ्या भागाकारात अंक तिरके सरकतात आणि चूक तिथेच होते, त्यावर याहून स्वस्त उपाय नाही.

५० पर्यंतच्या मूळ संख्या वर लिहून ठेवा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७. एकूण १५. यादी पाठ असली तरी लिहा, कारण घाईत ५१ (३ × १७), ५७ (३ × १९), ८७ (३ × २९) आणि ९१ (७ × १३) या चौघी हमखास घुसतात.

आता दिलेली संख्या तीन प्रकारे मांडा:

- जशी लिहितो तशी: ७५,३२,७८४
- उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट: ७ | ५३२ | ७८४
- उजवीकडून दोन-दोन अंकांचे गट: ७ | ५३ | २७ | ८४

शेजारी अंकांची संख्या (७) आणि अंकांची बेरीज (३६) लिहा. संख्या दुसऱ्या पानावर उतरवली की हे दोन्ही पुन्हा मोजायचे.

सावध. एक्सेलमध्ये १५ अंकांपर्यंतच संख्या अचूक राहते. सोळावा अंक टाकलात तर त्याच्या जागी मुकाट्याने शून्य येतं, कुठलीही सूचना मिळत नाही. त्या शून्यावर विसंबून ‘१० ने भाग जातो’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे.

## टप्पा १: २ पूर्ण संपवा

नियम असा: एक मूळ अवयव सापडला की तो संपेपर्यंत भागत राहायचं, मगच पुढच्याकडे जायचं. ‘२ ने गेला, ३ ने गेला, पुन्हा २ ने बघू’ अशा उड्या मारल्या की घातांक मोजताना एखादा सुटतोच.

७५,३२,७८४ ÷ २ = ३७,६६,३९२
३७,६६,३९२ ÷ २ = १८,८३,१९६
१८,८३,१९६ ÷ २ = ९,४१,५९८
९,४१,५९८ ÷ २ = ४,७०,७९९ (विषम, थांबा)

म्हणजे २^४.

पडताळा. शेवटचे चार अंक २७८४ यांना १६ ने भाग जातो (१६ × १७४). शेवटचे पाच अंक ३२७८४ यांना ३२ ने जात नाही, १६ उरतात. घातांक नेमका ४ आहे.

## टप्पा २: ३ चे घात, आणि २७ ची चुकीची कसोटी

४,७०,७९९ ची अंकबेरीज ३६. भाग जातो.

४,७०,७९९ ÷ ३ = १,५६,९३३ (अंकबेरीज २७)
१,५६,९३३ ÷ ३ = ५२,३११ (अंकबेरीज १२)
५२,३११ ÷ ३ = १७,४३७ (अंकबेरीज २२, थांबा)

म्हणजे ३^३.

इथली सर्वांत लोकप्रिय चूक अशी: ‘अंकांची बेरीज ३ ने आणि ९ ने चालते, मग २७ नेही चालेल.’ चालत नाही. दिलेल्या संख्येची अंकबेरीज ३६ आहे, ३६ ला २७ ने भाग जात नाही, तरीही संख्येला २७ ने भाग जातो. ही कसोटी ९ पर्यंतच खरी आहे, कारण १०, १००, १००० या सगळ्यांना ९ ने भागल्यावर बाकी १ राहते. २७ ने भागल्यावर १० ची बाकी १० च राहते.

२७ साठी तीन-तीन अंकांचे गट बेरजेत घ्या, कारण ९९९ = २७ × ३७. ७ + ५३२ + ७८४ = १३२३, आणि १३२३ = २७ × ४९. जमलं.

## टप्पा ३: ७, ११ आणि १३, इथे स्वल्पविराम फसवतो

१००१ = ७ × ११ × १३. त्यामुळे तीन-तीन अंकांचे गट उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे केले की तिन्ही कसोट्या एका फटक्यात होतात.

७८४ − ५३२ + ७ = २५९

२५९ ला ७ ने भाग जातो (७ × ३७). ११ ने आणि १३ ने जात नाही. म्हणून दिलेल्या संख्येत ७ आहे, ११ आणि १३ नाहीत.

आता आपल्याकडची खास चूक. आपण स्वल्पविराम हजार, लाख, कोटी असे देतो, म्हणजे पहिला गट तीन अंकांचा आणि पुढचे दोन-दोनचे. घाईत विद्यार्थी तेच गट उचलतो: ७८४ − ३२ + ७५ = ८२७. याला ७ ने भाग जात नाही, म्हणून ‘७ नाही’ असं लिहून तो मोकळा होतो. तयारीत तीन मांडण्या करायला सांगितल्या त्या याचसाठी. कसोटी लावताना स्वल्पविराम झाकून ठेवा.

सावध. २५९ = ७ × ३७ हे पाहून ३७ सुद्धा अवयव आहे असं समजू नका. अधिक-उण्याची कसोटी फक्त १००१ च्या अवयवांबद्दल बोलते, आणि ३७ हा १००१ चा अवयव नाही. ३७ साठी ९९९ ची कसोटी, म्हणजे गटांची बेरीज पाहायची: १३२३ = ३७ × ३५ + २८. भाग जात नाही.

१७,४३७ ÷ ७ = २४९१. पुन्हा ७ ने? ७ × ३५५ = २४८५, बाकी ६. थांबा.

## टप्पा ४: उरलेली संख्या २४९१

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. २४९१ विषम आहे, शेवटी ५ नाही, अंकबेरीज १६, ७ ने जात नाही. मूळ असल्यासारखी दिसते, पण ‘दिसते’ हा पुरावा नव्हे.

कुठपर्यंत तपासायचं? उरलेल्या संख्येच्या वर्गमूळापर्यंत, सुरुवातीच्या संख्येच्या नव्हे. ७५,३२,७८४ चं वर्गमूळ २७४४ च्या जरा पुढे आहे आणि तिथपर्यंत ४०० मूळ संख्या आहेत. २४९१ चं वर्गमूळ मात्र ५० पेक्षा किंचित कमी (५०^२ = २५००), म्हणजे आपली १५ ची यादी पुरते. प्रत्येक अवयव निघाला की ही मर्यादा नव्याने काढायची.

बाक्या लिहूनच पुढे जा:

११ → ५
१३ → ८
१७ → ९
१९ → २
२३ → ७
२९ → २६
३१ → ११
३७ → १२
४१ → ३१
४३ → ४०
४७ → ०

शेवटच्या मूळ संख्येला भाग गेला! २४९१ = ४७ × ५३. मी स्वतः ही संख्या पहिल्यांदा केली तेव्हा ४३ ला कंटाळून थांबलो होतो आणि २४९१ ला मूळ ठरवून पुढची तीन पानं भरली होती. ती तिन्ही वाया गेली.

कंटाळा टाळायची एक युक्ती आहे, ती यादीच्या आधी करावी. उरलेल्या संख्येच्या लगतचा वरचा पूर्ण वर्ग घ्या आणि फरक बघा: २५०० − २४९१ = ९ = ३^२. फरकही पूर्ण वर्ग आहे, म्हणून २४९१ = (५० − ३)(५० + ३). दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले की ही युक्ती लगेच लागते. दोन-तीन वर्ग पुढे जाऊनही नाही लागली तर यादीकडे वळा.

४७ आणि ५३ दोन्ही मूळ. झालं:

७५,३२,७८४ = २^४ × ३^३ × ७ × ४७ × ५३

## टप्पा ५: ताळा, आणि नऊचा ताळा इथे का कुचकामी

उलटा गुणाकार करणं सर्वांत उत्तम. ते जमत नसेल तर ताळा घ्या, पण कुठला ते विचार करून.

नऊचा ताळा (दोन्ही बाजूंना ९ ने भागल्यावर बाकी जुळते का ते पाहणे) इथे काहीच सांगत नाही. अवयवांत २७ असल्यामुळे उजवी बाजू नेहमी ९ च्या पटीतच येणार, मग ४७ च्या जागी ४३ लिहिलं तरी ताळा ‘बरोबर’ म्हणेल. शिवाय अंकांची अदलाबदल त्याला कधीच दिसत नाही. २४९१ आणि २९४१ दोघांची अंकबेरीज १६.

म्हणून अकराचा ताळा. उजवीकडून एकाआड एक: ४ − ८ + ७ − २ + ३ − ५ + ७ = ६.
अवयवांच्या ११ ने बाक्या: १६ → ५, २७ → ५, ७ → ७, ४७ → ३, ५३ → ९.
५ × ५ = २५ → ३. ३ × ७ = २१ → १०. १० × ३ = ३० → ८. ८ × ९ = ७२ → ६.

दोन्हीकडे ६. ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक, जुळला तर बहुधा बरोबर.

इथपर्यंत पोचल्याशिवाय पुढचं एकही सूत्र लावू नका.

## टप्पा ६: विभाजकांची संख्या, बेरीज आणि सहमूळ संख्या

विभाजक किती. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार: ५ × ४ × २ × २ × २ = १६०.

दोन चुका. एक, १ मिळवायला विसरणे: ४ × ३ × १ × १ × १ = १२. दोन, ज्यांच्यावर घातांक लिहिलेलाच नाही (७, ४७, ५३) त्यांना शून्य घात समजून वगळणे: ५ × ४ = २०. तेवढे विभाजक तर एकट्या ४३२ ला (२^४ × ३^३) आहेत. न लिहिलेला घातांक १ असतो आणि तो २ देतो.

विषम विभाजक विचारले तर २ चा भाग सोडा: ४ × २ × २ × २ = ३२. पूर्ण वर्ग असलेले विभाजक विचारले तर फक्त सम घातांक घ्या. २ साठी ०, २, ४ आणि ३ साठी ०, २, म्हणजे ३ × २ = ६. ते असे: १, ४, ९, १६, ३६, १४४.

विभाजकांची बेरीज. प्रत्येक मूळ संख्येसाठी १ पासून तिच्या सर्वांत मोठ्या घातापर्यंत बेरीज, मग गुणाकार.

२ साठी: १ + २ + ४ + ८ + १६ = ३१
३ साठी: १ + ३ + ९ + २७ = ४०
७, ४७, ५३ साठी: ८, ४८, ५४

३१ × ४० × ८ × ४८ × ५४ = २,५७,१२,६४०

कंसातला तो पहिला १ गळतो, ही इथली नेहमीची चूक. बेरजेतून संख्या स्वतः वजा केली की १,८१,७९,८५६ उरतात, म्हणजे दिलेल्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त. अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात.

सहमूळ किती. १ पासून ७५,३२,७८४ पर्यंत किती संख्यांचा हिच्याशी मसावि १ आहे? (हेच ऑयलरचं फाय फल.) इथे ३^३ साठी (३ − १)^३ = ८ लिहिणारे खूप. बरोबर रीत: घातांक एकाने कमी करून (मूळ संख्या − १) ने गुणा. ३^२ × २ = १८. तसंच २^३ × १ = ८.

८ × १८ × ६ × ४६ × ५२ = २०,६६,६८८

पडताळा. ही संख्या दिलेल्या संख्येपेक्षा लहान आणि सम हवी. दिलेली संख्या सम असेल तर निम्म्याहून जास्त कधीच येत नाही, कारण सगळ्या सम संख्या आधीच बाद होतात.

## टप्पा ७: वर्ग आणि वर्गांची बेरीज

शेवटचा अंक ४, शेवटचे दोन ८४ (२२^२ = ४८४ चालतं), अंकबेरीज ९ च्या पटीत. पूर्ण वर्गाच्या झटपट कसोट्या ही संख्या पार करते, आणि तरीही ती पूर्ण वर्ग नाही, कारण ३, ७, ४७, ५३ यांचे घातांक विषम आहेत. झटपट कसोटी फक्त नाकारू शकते, मान्यता देऊ शकत नाही.

विषम घातांकाच्या मूळ संख्या एकेकदा घेऊन गुणल्या की ३ × ७ × ४७ × ५३ = ५२,३११. एवढ्याने गुणलं किंवा भागलं तर पूर्ण वर्ग मिळतो. भागून १४४ येतात, म्हणून वर्गमूळ = १२√५२,३११.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? ४ ने भागल्यावर ३ उरतात अशा मूळ संख्यांचे घातांक सगळे सम असतील तरच. इथे ३, ७ आणि ४७ तिघेही अडवतात. नाही.

तीन वर्गांची? यासाठी अवयवही लागत नाहीत. ४ ने भाग जाईल तोवर भागा: ४,७०,७९९ उरते. शेवटचे तीन अंक ७९९ ना ८ ने भागा, बाकी ७. बाकी ७ आली की तीन वर्ग पुरत नाहीत. चार मात्र कुठल्याही संख्येला पुरतात, आणि इथे ते सुंदर जमतात:

२७४४^२ + ५२^२ + २०^२ + १२^२ = ७५,३२,७८४

४,७०,७९९ मधून ६८६^२ वजा केले की २०३ उरतात. २०३ = १३^२ + ५^२ + ३^२. मग ६८६, १३, ५ आणि ३ यांना प्रत्येकी ४ ने गुणलं, झालं.

## टप्पा ८: १ भागिले ७५,३२,७८४

आवर्ती दशांश किती लांबीचा? भागाकार करत बसलात तर वही संपेल. २ आणि ५ यांचे घातांक पाहा, त्यांतला मोठा म्हणजे ४. आवर्तन सुरू होण्याआधी दशांश चिन्हानंतर ४ स्थळं जातात. आवर्तनाची लांबी बाकीच्या अवयवांवरून: १/२७ ची ३, १/७ ची ६, १/४७ ची ४६, १/५३ ची १३.

यांचा लसावि घ्यायचा, गुणाकार नाही. लसावि १७९४, गुणाकार १०,७६४. चार चाकं एकदम सुरुवातीच्या जागी कधी येतात एवढाच हा प्रश्न आहे.

## टप्पा ९: संख्येचे गुणधर्म वेगळे, अंकांचे वेगळे

आतापर्यंतचं सगळं संख्येबद्दल होतं. तुम्ही ती रोमन अंकांत लिहा नाहीतर द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून), विभाजक १६० च राहणार. काही गुणधर्म मात्र लिहिण्याच्या पद्धतीवर टिकून असतात, आणि ते वेगळ्या चौकटीत लिहावेत.

अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती हर्षद संख्या. हे नाव देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी दिलं. आपली अंकबेरीज ३६ = २^२ × ३^२, भाग जातो, म्हणून दशमान पद्धतीत ही हर्षद आहे. द्विमान पद्धतीत ती अशी:

१११ ००१० ११११ ०००० ११११ ००००

एकूण १२ एक. १२ ने भाग जातो, इथेही हर्षद. षोडशमान पद्धतीत (जिथे १६ चा पाया असतो) हेच चार-चारचे गट ७, २, १५, ०, १५, ० असे वाचायचे. बेरीज ३९, आणि १३ हा आपला अवयवच नाही. हर्षदपणा गेला. ‘७५,३२,७८४ हर्षद आहे’ एवढंच लिहिलं तर उत्तर अपुरं, ‘दशमान पद्धतीत’ हवंच.

पडताळा. द्विमान रूपाच्या शेवटची शून्यं मोजा. चार. २ चा घातांकही चारच होता.

## संख्या खरोखर प्रचंड असेल तर

वीस-तीस अंकांच्या संख्येला हाताने यादी लावत बसण्यात अर्थ नाही, पण संगणकावरही क्रम महत्त्वाचा असतो. आधी लहान मूळ संख्या काढून टाका. उरलेली एखाद्या संख्येचा पूर्ण घात आहे का ते पाहा. मग ती मूळ आहे का हे विचारा. ती संयुक्त ठरली तरच अवयव शोधायला बसा. लोक तिसरी पायरी गाळतात आणि एका मूळ संख्येचे अवयव शोधण्यात संगणक रात्रभर तापवतात.

मूळ आहे का हे पाहायला फर्माची साधी कसोटी (पाया a घेऊन a^(n − १) ला n ने भागल्यावर बाकी १ उरते का ते पाहणे) एकटी वापरू नका. ५६१ = ३ × ११ × १७, तरी ५६१ शी सहमूळ असलेला कुठलाही पाया घेतला तरी ती या कसोटीत मूळ म्हणून पास होते. मिलर-राबिन ही तिचीच कडक आवृत्ती वापरा. २ पासून ३७ पर्यंतच्या १२ मूळ संख्या पाया म्हणून घेतल्या तर १९ अंकांपर्यंतच्या कुठल्याही संख्येचा निकाल पक्का लागतो, ‘बहुधा’ म्हणावं लागत नाही.

## सरावाला एक

१,२३,४५,६७९ (मध्ये ८ नाही, छापायची चूक नाही). आधी गट करा: १२ | ३४५ | ६७९. बेरजेतून एक अवयव ताबडतोब हाती येईल. उरलेल्या संख्येसाठी किती पर्यंत जायचं ते नीट काढा. मर्यादा ५७७ येते आणि ५७७ स्वतः मूळ आहे, तेव्हा शेवटच्या पायरीवर थांबू नका. विभाजक ४, त्यांची बेरीज १,२६,७९,३८४ आणि सहमूळ १,२०,११,९७६ आले तर वही बंद करायला हरकत नाही. ती हर्षद आहे का हे मात्र बंद करण्याआधी बघा.